चौथा ग्लास

फ्रान्सची बाटली फुटली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि मी वायनरीच्या विहिरीत तिसऱ्या पायरीवर उभी होते.

प्लास्टिकचा क्रेट दोरीने वर ओढताना दगडावर आपटला. आतून 'टक' असा बारीक आवाज आला आणि माझ्या पायांवरून काहीतरी गार वाहत गेलं. क्रेटमध्ये चार बाटल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेची फुटली असती तर मी रडत जाऊन कबूल केलं असतं. कर्नाटकची फुटली असती तर कुणाला फारसं वाईटही वाटलं नसतं. आमच्या स्वतःच्या बाटल्यांनी तर मागची अख्खी खोली भरलेली होती. पण फुटली नेमकी तीच, जी आमचे मालक जयवंतराव यांनी पॅरिसहून वहिनीसाहेबांच्या स्वेटरमध्ये गुंडाळून आणली होती. तिची ही प्रवासकथा आम्ही सगळ्यांनी निदान सात वेळा ऐकली होती.

बाटल्या विहिरीत सोडण्याची कल्पना माझीच. एप्रिल महिना, दिंडोरी तालुक्यात सकाळी सहा ते बारा भारनियमन, आणि जनरेटर फक्त टाक्यांसाठी. प्रयोगशाळेतला फ्रिज कोमट कपाट होऊन बसला होता. अकरा वाजता पाहुणे येणार आणि पांढरी वाइन गार हवी. आमच्या घरी कलिंगड विहिरीत सोडून गार करतात. वाइन म्हणजे शेवटी फळाचाच रस, असा मी विचार केला. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालेलं माणूस असा विचार करतं हे मला त्या दिवशी कळलं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. नोकरीला पाच महिने आणि तीन आठवडे झाले होते, आणि सहा महिने पुरे झाल्यावर कायम करणार होते. घरी वडील एसटीतून निवृत्त झालेले. आई शेजारपाजारी सांगायची, "हर्षदा ज्यूस कंपनीत आहे." मुलगी बघायला येणाऱ्यांनाही तिने तेच सांगितलं होतं. मला ती नोकरी हवी होती, आणि नोकरी गेली तर पुढे काय वाढून ठेवलंय हेही मला माहीत होतं. ते स्थळ निफाडचं होतं.

पण त्या दिवशी माझ्यापेक्षा दुसऱ्याच एका माणसाचं सगळं पणाला लागलं होतं. अकरा वाजता सोपानतात्यांच्या नाकाची परीक्षा होती.

सोपानतात्या गांगुर्डे म्हणजे आमच्या टाक्यांचे सर्वेसर्वा. मालकांच्या वडिलांचं बेदाण्याचं शेड होतं तेव्हापासूनचे. कुठला बेदाणा कुठल्या मळ्यातला, हे मूठभर नाकाशी धरून सांगायचे म्हणून जयवंतरावांनी वायनरी काढताना त्यांना टाक्यांवर घेतलं. रस आंबायला घातल्यावर आंबणं थांबवायचं कधी, वरची निवळ काढायची कधी, बाटल्यांत भरायचा कधी, हे तात्या सांगायचे. टाकीला कान लावायचे, तोटीशी नाक न्यायचे आणि म्हणायचे, "आज नको. परवा." माझी यंत्रं दोन दिवसांनी तेच सांगायची.

आणि या माणसाने आयुष्यात वाइनचा थेंब चाखलेला नव्हता. तात्या माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. वास घ्यायला माळेची हरकत नाही, असं त्यांचं त्यांनीच ठरवलेलं होतं. "फुलाचा वास घेतला म्हून कुणी फूल खाऊ राहिलंय का?" असं ते विचारायचे.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग जयवंतरावांना डॉक्टर सबनीस भेटले.

डॉक्टर सबनीस पुण्याचे, फ्रान्समध्ये तीन वर्षं शिकलेले, आणि त्या तीन वर्षांचा उल्लेख तीन मिनिटांच्या आत करणारे. सल्लागार म्हणून यायला ते तयार होते, पण अट एकच. टाक्यांवरचा शेवटचा शब्द त्यांचा. "न पिणारा माणूस वाइन करतो, हे बाहेर कळलं तर लोक हसतील," असं ते जयवंतरावांना म्हणाले. हसं होण्याची जयवंतरावांना फार भीती होती. पण वडिलांच्या वेळच्या माणसाला नुसतं बाजूला सारायचीही त्यांना लाज वाटत होती. म्हणून त्यांनी परीक्षा काढली. शेनिन ब्लां ही द्राक्षाची एकच जात, आणि चार मुलूख: दक्षिण आफ्रिका, कर्नाटकातली नंदी टेकडी, फ्रान्समधलं ल्वार नदीचं खोरं आणि आमची दिंडोरी. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या. तात्यांनी वासावर आपली ओळखायची. ओळखली, तर शेवटचा शब्द तात्यांचाच राहील. चुकले, तर तात्या क्रेट धुवायच्या शेडवर आणि टाक्या डॉक्टरांच्या ताब्यात.

गुंडाळायचं आणि ओतायचं काम माझ्याकडे होतं. क्रम खुद्द मालकांनी लिहून दिला होता: पहिली आफ्रिका, दुसरी आपली, तिसरी कर्नाटक, शेवटी फ्रान्स. "शेवटी उंची गोष्ट यावी," असं ते म्हणाले होते.

तर ती उंची गोष्ट माझ्या चपलांवरून वाहून विहिरीत गेली.

मी घाबरले. पण फार वेळ घाबरलेली राहिले नाही, हे मला आजही खटकतं. तासभर पाण्यात राहून बाटलीचं लेबल सुटत आलं होतं. मी ते नखाने अलगद सोडवलं. काचा क्रेटमध्ये गोळा केल्या, मागच्या खोलीतून आमच्या तीन नंबर टाकीची एक बाटली आणली. घडण तीच, रंगही जवळपास तोच. आमचं लेबल खरवडून काढलं आणि प्रयोगशाळेतल्या डिंकाने त्यावर फ्रान्स चिकटवलं. उरलेल्या तीन बाटल्या पुन्हा विहिरीत सोडल्या आणि ही त्यांच्याबरोबर पाऊण तास पाण्यात धरली, लेबल पाण्याच्या वर ठेवून. मग चारही बाटल्यांची बुचं काढून ठेवली आणि सगळ्यांना वर्तमानपत्रात गुंडाळलं. काम नीटनेटकं झालं. मी नेहमीच नीटनेटकी होते.

म्हणजे दुसऱ्या ग्लासात आमची वाइन आणि चौथ्यातही आमचीच. मी स्वतःला समजावलं की तात्यांचं यात काही बिघडत नाही. त्यांना दुसरा ग्लास ओळखायचा आहे, तो ते ओळखतीलच.

अकरा वाजता ऑफिसात चौघे जमले. जयवंतराव, डॉक्टर, तात्या आणि ओतायला मी. डॉक्टरांनी आल्याआल्या मालकांच्या वडिलांच्या फोटोपुढची उदबत्ती विझवायला लावली. वासात वास नको. मग त्यांनी तात्यांच्या बुक्क्याकडे पाहिलं. तात्या बाहेर गेले आणि कपाळ धुऊन आले.

मी आधी डॉक्टरांसाठी चार ग्लास ओतले. डॉक्टर ग्लास गोल फिरवायचे, नाक आत घालायचे, घोट घेऊन गुळणी करायचे आणि बाजूच्या बादलीत थुंकायचे.

"थुंकायचंच तर तोंडात घेऊ कशाला राहिले?" तात्यांनी मला हळूच विचारलं.

"चव कळावी म्हणून."

"मंग त्येंच्याही पोटात काही जात नाही. आन लोक मलाच हसणार."

पहिल्या ग्लासाला डॉक्टर म्हणाले, "चांगली. मोकळी हवा आहे हिच्यात." दुसऱ्याला त्यांनी नाक मुरडलं. "ही इथली. पेरू, पेरू आणि पेरू. उन्हाने घाईघाईत पिकवलेलं फळ. बोलते फार, म्हणत काहीच नाही." तिसऱ्याला नुसती मान हलवली.

मग चौथा ग्लास. तो उचलण्याआधीच जयवंतराव खुर्चीत पुढे सरकले होते. परदेशातून शिकून आलेल्या मुलाकडे बाप बघतो तसे ते त्या ग्लासाकडे बघत होते. डॉक्टरांनी आधी मालकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग नाक ग्लासात घातलं.

"आह," ते म्हणाले. या वेळी ते थुंकले नाहीत. "चुनखडी. ओला दगड. पानगळीतली सफरचंदं. काय संयम आहे बघा. ही वाइन कुजबुजते, जयवंतराव. ल्वार. शंभर टक्के ल्वार."

"ओळखली!" जयवंतरावांनी टाळी वाजवली. माझ्या आत काहीतरी हसलं, त्याची मला लगेच लाज वाटली, आणि मग सुटल्यासारखं वाटलं. ओला दगड तर खराच होता.

"आता तात्या," मालक म्हणाले.

तात्यांसाठी मी नवे ग्लास ओतले. डॉक्टरांनी दुसरी ओळखून दाखवलीच होती, पण तात्या दुसऱ्याच्या नाकावर जाणारे नव्हते. त्यांनी ग्लास फिरवला नाही. दोन्ही हातांनी तीर्थासारखा धरला, डोळे मिटले आणि एकदाच श्वास घेतला.

"ही परकी. खाऱ्या वाऱ्यातली." दुसरा घेतला. "ही आपली. तीन नंबरची टाकी." तिसरा घेतला. "ही तांबड्या मातीतली, दक्षिणेकडली."

जयवंतरावांचा चेहरा उजळला. खरं सांगते, त्यांना तात्यांनी जिंकायला हवं होतं. डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

तात्यांनी चौथा ग्लास घेतला. डोळे मिटले. मग उघडले. पुन्हा दुसरा घेतला, पुन्हा चौथा.

"ही पण आपलीच," ते म्हणाले.

"काय?"

"दोन आन चार एकच. तीन नंबरचीच टाकी. ही जरा कमी गार झालीय, बाकी काही फरक नाही."

जयवंतरावांनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग डॉक्टर हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाचं ऐकून हसावं तसे हसले, आणि तेच जास्त वाईट होतं. "तात्या, ल्वारची वाइन आणि तुमची टाकी एकच?"

"नाकाला जे आलं ते सांगितलं, साहेब."

जयवंतराव माझ्याकडे वळले. "हर्षदा, ओतताना काही अदलाबदल तर झाली नाही ना?"

हे त्यांनी मला अगदी सरळ विचारलं. रागावले नव्हते. उलट मी 'हो' म्हणावं, अशी त्यांची इच्छा होती, हे मला चेहऱ्यावर दिसत होतं. एक शब्द पुरला असता.

"नाही सर," मी म्हणाले.

डॉक्टरांनी स्वतः चौथ्या बाटलीवरचं वर्तमानपत्र सोडलं. फ्रान्सचं लेबल, सोनेरी अक्षरं, वर किल्ल्याचं चित्र. जयवंतराव मागे टेकले. तात्यांनी बाटली हातात घेतली. लेबलाकडे पाहिलं. त्यावर अंगठा फिरवला, मग अंगठ्याकडे पाहिलं आणि तो धोतराला पुसला.

"मंग माझंच चुकलं असंल," ते म्हणाले. टोपी सारखी केली आणि बाहेर गेले. दुपारपासून ते क्रेटच्या शेडवर होते.

पुढच्या आठवड्यात मी कायम झाले. आईने पेढे वाटले. ज्यूस कंपनीचे.

त्यानंतरची तीन वर्षं आमची वायनरी एकाच ध्येयाने झपाटलेली होती. चौथ्या ग्लासासारखी वाइन करायची. डॉक्टर सबनिसांनी त्या दिवशी जे शब्द उच्चारले होते ते जयवंतरावांनी टाइप करून टाक्यांच्या खोलीत लावले: चुनखडी, ओला दगड, पानगळीतली सफरचंदं, संयम. द्राक्षं पंधरा दिवस आधी, कच्ची खुडू लागलो. किण्व, म्हणजे यीस्ट, फ्रान्सहून आलं. लाकडी पिंपं आली. दरवर्षी नवी वाइन तयार झाली की डॉक्टर घोट घ्यायचे, डोळे मिटून आठवायचे आणि म्हणायचे, "जवळ आलोय. पण ती नाही." मी वहीत लिहून घ्यायचे: जवळ. पण ती नाही. 'ती' मागच्या खोलीत डझनावारी पडून होती. पेरूच्या वासाची म्हणून कुणी तिला हात लावत नव्हतं.

तिसऱ्या वर्षीची वाइन इतकी संयमी झाली की तिला कसलीच चव उरली नाही. डॉक्टर म्हणाले, "शेवटी मातीला मर्यादा असतात," आणि दुसऱ्या कुणाच्या मातीला मर्यादा आहेत का ते बघायला निघून गेले. जयवंतरावांनी मला बोलावलं. टाक्यांवरचा शेवटचा शब्द आता माझा, म्हणाले. डॉक्टरांच्या हाताखाली तीन वर्षं शिकलेलं माणूस दुसरं कुठून आणायचं?

मी वर पोचले होते. कशावर पाय देऊन पोचले होते तेही मला ठाऊक होतं. त्या दिवशी संध्याकाळी घरी जायच्या आधी मी क्रेटच्या शेडवर गेले. तीन वर्षं मी त्या बाजूला जायचं टाळलं होतं. जेवणाची सुट्टी बघून, दुसऱ्या वाटेने जायचे.

तात्या एका पालथ्या क्रेटवर बसले होते. शेडमध्ये क्लोरीनच्या पाण्याचा असा भपका होता की मला दारातच ठसका लागला. त्यांचे हात मनगटापर्यंत पांढरे पडले होते.

"काय गं, इकडं कुठं येऊ राहिली? तोंडावर रुमाल धर."

"तात्या, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"सांग."

मी सगळं सांगितलं. विहीर, क्रेट, लेबल, डिंक. सांगताना रडू आलं, आणि ते आल्याबद्दल स्वतःचा राग आला, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.  माझं संपल्यावर त्यांनी नळ बंद केला.

"मला ठाऊक व्हतं."

"कधीपासून?"

"त्याच दिशीपासून. अकराच्या जरा आधी म्या विहिरीवर हात धुवाया गेलो. तिसऱ्या पायरीला मुंग्या लागल्या व्हत्या. आन दगडाला येगळाच वास. कोणती तरी फुटली, येवढं कळलं. कोणती, ते तुमच्या हापिसात कळलं. लेबलाचा डिंक ओला व्हता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो की. दोन्ही एकाच टाकीतल्या म्हणालो. माझं तेवढंच बोलायचं व्हतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पुढचं तू बोलायचं व्हतं. म्हटलं, नवी पोर हाय, घाबरली असंल. आज नाही तर उद्या बोलंल."

ते 'उद्या' तीन वर्षांनी आलं होतं. मी एक क्रेट पालथा घालून त्यांच्यासमोर बसले. मग म्हणाले, "तात्या, आता टाक्यांचं माझ्याकडे आहे. तुम्ही परत या. मी उद्या मालकांना खरं सांगते. तुमच्याशिवाय मला नाही जमायचं."

"सांग मालकाला. ते सांगच." त्यांनी बंद नळाची तोटी पुन्हा आवळली. "पर माझा काही उपेग नाही आता."

"असं का म्हणता?"

त्यांनी गळ्यातली माळ बोटांत धरली. "हे पाणी लई जहाल हाय. पयल्या वर्षी नाक चुरचुरायचं. दुसऱ्या वर्षी चुरचुरायचं थांबलं. म्हटलं, सवय झाली. दिवाळीला घरी चकल्या तळू राहिले व्हते, आन म्या बाजूला बसून इचारलं, कव्हा तळणार म्हून." ते हसले. "आता तुळशीचा पण वास येत नाही."

 क्लोरीनने माझे डोळे झोंबत होते, आणि मी मनातल्या मनात त्याचे आभार मानत होते, कारण निदान डोळे पुसायला निमित्त मिळालं होतं.

"येक इचारू?" तात्या म्हणाले. "ती फुटली ती. तुझ्या तर पायावरच सांडली. तुला वास कसा आला तिचा?"

मी आठवून पाहिलं. मला क्रेट आठवला, काचा आठवल्या, लेबलाची सोनेरी अक्षरं आठवली. नखाने लेबल सोडवताना एक कोपरा फाटता फाटता वाचला, ते आठवलं.

"मी वास घेतलाच नव्हता, तात्या."

त्यांना हे ऐकून धक्का बसला. लेबलाचं, डिंकाचं, माझ्या 'नाही सर'चं त्यांना एवढं वाटलं नव्हतं. फ्रान्सची वाइन पायावर सांडते आणि माणूस वास घेत नाही, हे त्यांच्या समजेपलीकडचं होतं.

"डॉक्टर साहेबाला ती भेटलीच नाही," ते सावकाश म्हणाले. "मालकानं पॅरिसहून आणली, पर उघडली नाही. तू घेतला नाही. म्हंजे ह्या अख्ख्या वायनरीत तिचा वास येकट्या म्याच घेतला. त्यो पण दगडावरचा."

"कसा होता?"

तात्यांनी डोळे मिटले. दोन्ही हात पुढे धरले, रिकामेच, तीर्थासारखे. एकदाच श्वास घेतला. शेडमध्ये क्लोरीनशिवाय दुसरं काही नव्हतं.

"आपलीच व्हती गं," ते म्हणाले. "पेरूच व्हता तो. नुसता थंडीत वाढलेला."